खांबेटे मॅडमचं पोस्टिंग

खांबेटे मॅडम कुणालाही ‘का’ विचारत नसत. पेशंटला तर नाहीच, पण रिक्षावाल्याला, शेजारणीला, कँटीनच्या शेट्टींनाही नाही.

“‘का’ विचारलं की माणूस स्वतःचा वकील होतो,” असं त्यांचं म्हणणं. “उशीर का झाला विचारा. तो ट्रॅफिक सांगेल, पंक्चर सांगेल, सासऱ्यांचं आजारपण सांगेल. काय झालं ते सांगणार नाही. म्हणून ‘काय झालं’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.”

माझ्याबरोबरची इंटर्न गौरी पुण्याचीच. तिने पहिल्याच आठवड्यात शंका काढली. “पण मॅडम, चहा घेणार का, असं तर म्हणावंच लागेल ना?”

“वाक्याच्या शेवटी येतो तो ‘का’ सज्जन आहे,” मॅडम म्हणाल्या. “नको म्हटलं की निघून जातो. सुरुवातीला येतो तो फौजदार. आपल्याला फौजदार नको.”

हे त्या नुसतं शिकवत नव्हत्या, पाळतही होत्या. कँटीनमध्ये गार चहा आला की त्या कप पुढे सरकवून शांतपणे विचारत, “शेट्टी, हा चहा असा होईपर्यंत काय काय घडलं?” शेट्टी इतक्या वर्षांत पुणेकर झालेले. ते म्हणत, “पाणी जास्त घडलं, मॅडम.” एकदा चौकातल्या पोलिसाने त्यांची स्कूटी अडवली, तर त्यांनी त्यालाच विचारलं, “मला थांबवावंसं वाटलं तेव्हा आपल्या मनात नेमकं काय आलं?” त्याने थोडा वेळ विचार केला आणि त्यांना जाऊ दिलं.

स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. त्याच्या मानसोपचार विभागात मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या आणि आमच्यासारखे इंटर्न त्यांच्या हाताखाली शिकत. काही महिने ओपीडी, काही महिने वॉर्ड, मग समुपदेशनाचे स्वतःचे पेशंट. प्रत्येक टप्प्याला ‘पोस्टिंग’ म्हणायचं. सैन्यातल्यासारखं. मी यवतमाळकडचा. एम.ए. करून पुण्यात आलो आणि विश्रांतवाडीत चार पोरांमध्ये एक खोली घेतली. बाकीचे तिघे सॉफ्टवेअरमध्ये होते, कंपनीच्या बसने खराडीला जायचे. मी मानसशास्त्राचा म्हटल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “भाऊ, आता आमच्या मनात काय चाललंय ते सांग.” मी म्हटलं, “भाडं कोण कोण देणार, हे चाललंय.” त्यावर त्यांनी मला मानलं.

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमच्या खोलीत गेलो. बुटकी, सडसडीत बाई, वय पंचावन्नच्या पुढे, सुती साडी आणि साडीखाली पांढरे पळायचे बूट. वर न बघता त्यांनी विचारलं, “केसपेपर काढलात?”

“मी पेशंट नाही मॅडम. नवीन इंटर्न आहे. वानखेडे.”

“कळलं. अहो वानखेडे, केसपेपर काढा आणि बाहेर बाकावर बसा. नंबर आला की या.”

त्या सगळ्यांनाच ‘अहो’ म्हणत. वॉर्डातल्या मांजरालासुद्धा.

मी केसपेपर काढून बाकावर बसलो. शेजारी एक बाई होती. तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“माझ्या दिरालाही सुरुवातीला काही नव्हतं,” ती म्हणाली आणि जरा सरकून बसली.

जेवणाची वेळ उलटून गेल्यावर माझा नंबर लागला. मॅडमनी विचारलं, “कसं गेलं?”

“कंटाळा आला.”

“आणखी?”

“शेजारच्या बाईंना वाटलं मी पेशंट आहे.”

“आणखी?”

“शेवटी शेवटी मलाही थोडी शंका यायला लागली.”

“छान,” त्या म्हणाल्या. “पोस्टिंग सुरू झालं तुमचं.”

रोज दुपारी त्यांच्या खोलीत सुपरव्हिजन असे, म्हणजे आम्ही पेशंटशी काय बोललो ते सांगायचं आणि त्या ऐकणार. ऐकताना त्या भुईमुगाच्या शेंगा फोडून खात. आमचं बोलणं बरं चाललं असलं की शेंगा फुटण्याचा आवाज संथ लयीत चालू असे. काही चुकलं की हात थांबे. वर्षभर आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे कमी आणि बोटांकडे जास्त पाहिलं. माझ्या भाषेवर तर त्यांचं खास लक्ष. मी एकदा सांगायला गेलो, “पेशंट रडून राहिला होता.” हात थांबला. “राहिला होता, की रडत होता? एका वेळी एकच काय ते ठरवू द्या त्याला.”

त्या काळात शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि ओपीडीतले चेहरेही बदलत होते. पूर्वी गावाकडचे लोक जास्त यायचे म्हणे. आता कंपन्यांमधली तरुण मुलं यायला लागली होती. गळ्यातलं ओळखपत्र आमच्या दारात आलं की ती शर्टाच्या खिशात कोंबत. बोलणं सगळं तयार असे. स्ट्रेस आहे, अँग्झायटी आहे, बर्नआउट झालंय. मॅडम ते सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, “आता हेच आपल्या आईला फोनवर सांगायचं असतं, तर कसं सांगितलं असतं?”

अशा वेळी ती मुलं अडत. एक मुलगा असाच अडखळला आणि मग म्हणाला, “मॅडम, सकाळी ऑफिसची बस दिसली ना, की पोटात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतं.”

“हं,” मॅडम म्हणाल्या. “आता आपण आलात. बसा.”

स्कूटीवर मात्र त्या वेगळ्याच शिस्तीच्या. वळण यायच्या कितीतरी आधी त्या हात बाहेर काढत आणि वळण संपेपर्यंत आत घेत नसत. पुण्यात हात दाखवून वळणारी ती शेवटची व्यक्ती असावी. मागची रांग हॉर्न वाजवून हैराण व्हायची. मी एकदा मागे बसलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तर त्या म्हणाल्या, “वाजवू द्या. त्यांना व्यक्त व्हायचंय.”

माझे स्वतःचे पेशंट सुरू झाले तेव्हा पहिलेच सोपानराव आले. अर्थात हे नाव मी बदललंय. खराडीच्या पलीकडच्या एका गावचे शेतकरी. गाव शहरात गेलं, शेत कंपन्यांच्या पार्कमध्ये गेलं, आणि त्यांच्या मुलाने, बाळासाहेबांनी, चार मजली इमारत बांधून वरचे मजले आयटीच्या मुलांना भाड्याने दिले. सोपानरावांना झोप नव्हती, जेवण कमी झालं होतं, कुणाशी बोलत नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दर मंगळवारी माझ्याकडे पाठवलं.

“मला काय बी झालं न्हाय,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “पोरगं म्हनतंय म्हून आलोय. तुमी डाक्तर का?”

“नाही, मी शिकतोय.”

“मंग बसवलंय कशाला?”

मी त्यांच्यासमोर शाईच्या डागांची कार्डं ठेवली. त्या डागांमध्ये माणसाला काय दिसतं यावरून त्याच्या मनाचा अंदाज घ्यायचा, अशी ती चाचणी. सोपानरावांनी पहिलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “डाग हाय.” दुसरं पाहिलं. “ह्यो बी डागच हाय. कुनी सांडलं?” पुढच्या सगळ्या कार्डांना तेच उत्तर. सुपरव्हिजनमध्ये मी हे हताश होऊन सांगितलं.

“बरोबर उत्तर आहे त्यांचं,” मॅडम शेंग फोडत म्हणाल्या. “डागच आहे तो. कार्डं ठेवून द्या. त्यांना विचारा, पार्कात कुठं काय होतं.”

पुढच्या मंगळवारी मी तेवढंच विचारलं. आणि सोपानराव बोलायला लागले. काचेचं कँटीन आहे तिथं गोठा होता. पार्किंग आहे त्या सगळ्या पट्ट्यात ऊस. लिफ्टच्या जागी आंबा. “लिपटीतनं पोरं वर जात्यात ना, तिथंच आमी बी वर चढायचो.” विहीर मात्र कंपनीने ठेवली होती. वर लोखंडी जाळी टाकून भोवती हिरवळ केली होती, दिसायला बरं म्हणून. रोज सकाळी ते जाऊन त्या विहिरीपाशी बसत. गेटवरचे लोक त्यांना ओळखत, सोडत.

असे बरेच मंगळवार गेले. ते बोलत, मी ऐके. झोप मात्र येत नव्हती.

मग एका मंगळवारी ते एकटेच आले. एरवी बाळासाहेब गाडीतून सोडायचे, त्या दिवशी ते बसने आले होते. धुतलेलं धोतर, ताजी दाढी. चेहरा हलका वाटत होता. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “फुडल्या मंगळवारी काय जमायचं न्हाय. तुमी लई कष्ट घेतलं माझ्यासाठी.”

मला बरंही वाटत होतं आणि काहीतरी खटकतही होतं. म्हणून दुपारी सुपरव्हिजनला मी पहिल्यांदा तेच सांगितलं. सोपानराव हसत होते. हातातलं चांदीचं कडं नातवाला दिलं म्हणाले. अडकित्ता लहानपणच्या मित्राला देऊन टाकला.

शेंग मॅडमच्या बोटांत तशीच राहिली.

“विहिरीवरची जाळी,” त्या म्हणाल्या. “पक्की आहे?”

“माहीत नाही.”

“त्यांच्या मुलाला फोन लावा.”

बाळासाहेब सासवडच्या बाजूला एका साइटवर होते. घरी विचारून त्यांनी परत फोन केला. वडील घरी आलेच नव्हते. “फिरत असतील, मॅडम. संध्याकाळी येतात बरोबर.”

“संध्याकाळची वाट बघायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपण आत्ता निघा. आम्हीही निघतोय. ते विहिरीपाशी असणार. गेटवर फोन करून कुणालातरी त्यांच्याजवळ बसायला सांगा.” विभागातल्या डॉक्टरांना दारातूनच निरोप देऊन त्या जिना उतरायला लागल्या. मी रिक्षा बघू म्हणालो. “रिक्षा म्हणजे वाटाघाटी. बसा मागे.”

पेशंटच्या घरी जायचं नाही, त्याच्या जगात नाक खुपसायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम. तो त्यांनी गौरीला एकदा पाठ करायला लावला होता. त्याच मॅडम भर दुपारी, मला मागे बसवून, कॅम्पातून नगर रस्त्याला लागल्या. वाटेत त्यांनी कुठेही हात दाखवला नाही. एका टेम्पोच्या आणि बसच्या मधून त्यांनी गाडी काढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

पार्कच्या गेटवर रखवालदाराने वही पुढे केली. “कुठल्या कंपनीत जायचंय?”

“विहिरीत,” मॅडम म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, “विहिरीपाशी. सोपानराव आत आहेत?”

“काका? आहेत की. आत्ता फोन आला होता घरून, म्हणून आमचा एक माणूस तिकडेच पाठवलाय.”

हिरवळीवर कंपन्यांमधली मुलंमुली डबे खात बसली होती. मधोमध दगडी कठड्याची विहीर. सोपानराव कठड्यावर बसले होते आणि दोन हातांवर गेटचा माणूस काय करावं ते न कळून उभा होता. सोपानरावांच्या चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. जाळीला मोटार दुरुस्तीसाठी एक झडप होती. तिचं कुलूप काढलेलं होतं. माळी त्यांच्याच गावचा, किल्ली मिळणं अवघड नव्हतं.

मॅडम जाऊन त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या. त्यांना धाप लागली होती. मी झडपेच्या बाजूला उभा राहिलो. मॅडमनी आधी जाळीतून खाली बघून घेतलं. नंतर मॅडमनी विचारलं, “पाणी किती आहे?”

“हाय की. मे म्हैन्यात बी आटत न्हाय.”

“सोपानराव, जीव द्यायला आलात का?”

ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय.”

“आत्ता?”

“आत्ताच. तर ह्यो गडी येऊन हुबा ऱ्हायला. आन मंग तुमी आलात.”

“बरं झालं आलो.”

“पोरगं वाईट न्हाय, बाई,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “सून वाईट न्हाय. जेवान हाय, एशी हाय. सकाळी उठतो. कुनाचंच माझ्यावाचून काय अडत न्हाय. दुपार हुती, तरी अडत न्हाय. ह्या पान्याला तेवढी माझी वळख हाय.”

मॅडम ‘हं’ म्हणाल्या. त्यांनी समजूत घातली नाही, मुलाबाळांची शपथ घातली नाही. नुसत्या बसून राहिल्या. जेवणाची वेळ संपली, मुलं उठून गेली. जाता जाता एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “आंटी, सगळं ओके आहे ना?”

“हो. पाणी बघतोय,” मॅडम म्हणाल्या. मग सोपानरावांकडे वळल्या. “आता आपण माझ्याबरोबर हॉस्पिटलात यायचं आणि काही दिवस तिथं राहायचं. मी विचारत नाहीये, सांगतेय.”

सोपानरावांनी त्यांच्याकडे बघितलं. “जनावरं न्हाईत मागं. घाई कशाची? चला.” आणि त्यांनी चपला घातल्या.

मी झडपेला कुलूप लावून किल्ली गेटवर दिली. तेवढ्यात बाळासाहेब पोचले. धिप्पाड माणूस, गळ्यात जाड सोनसाखळी. वडिलांसमोर येऊन उभे राहिले आणि काही बोलता येईना तेव्हा हिरवळीवरच मटकन खाली बसून रडायला लागले. सोपानराव म्हणाले, “ऊठ. कापडं खराब व्हतील.” आम्ही त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात आणलं. मॅडम मागून स्कूटीवर आल्या. निघताना स्कूटीला किल्ली लावायला त्यांना बराच वेळ लागला होता. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, “आपण पेशंटबरोबर बसा.”

सोपानराव वॉर्डात राहिले. डॉक्टरांनी औषधं बदलली, हळूहळू झोप लागायला लागली. मॅडमनी बाळासाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी यादीच सांगायला सुरुवात केली, वडिलांसाठी काय काय केलं याची. वेगळी खोली, मोठा टीव्ही, मालिश करायला माणूस.

“त्यांना इतकं सुखात ठेवू नका,” मॅडम म्हणाल्या. “काम द्या. खोटं खोटं नको. नाही केलं तर ज्याने तुमचं खरोखर अडेल, असं.”

बाळासाहेबांनी बराच विचार केला आणि भाडेकरूंची सगळी व्यवस्था वडिलांकडे दिली. दूध, पाण्याचा टँकर, जिन्याची झाडलोट, सगळं. महिन्याभरात आयटीच्या पोरांच्या तक्रारी सुरू झाल्या. म्हातारा पहाटे दार वाजवून उठवतो. आंघोळीला पाणी जास्त घेतलं तर नळ बंद करतो. शनिवारी दुपारपर्यंत झोपलं तर ‘आजारी हाय का’ म्हणून पेज घेऊन येतो. बाळासाहेब काळजीने हे सांगायला आले.

“छान,” मॅडम म्हणाल्या आणि शेंग फोडली. “भांडायला लागले म्हणजे आता आपण निश्चिंत.”

माझी इंटर्नशिप संपत आली तेव्हा मॅडमनी निरोपाच्या बैठकीबद्दल मला जेवढं सुनावलं तेवढं वर्षभरात कशाबद्दल सुनावलं नव्हतं. थेरपिस्टने मध्येच नाहीसं व्हायचं नाही. आधी सांगायचं, शेवटच्या दिवशी बसून बोलायचं. काय बरं झालं, काय राहून गेलं, आता पुढे काय. आणि उठल्यावर पेशंटबरोबर दारापर्यंत जायचं. “लोकांना माणसं सोडून गेल्याचं तितकं लागत नाही, वानखेडे. न सांगता गेल्याचं लागतं.”

मी सोपानरावांबरोबर तसंच केलं. ते म्हणाले, “बरं झालं ते म्हंजे झोप लागती. ऱ्हाऊन गेलं ते शेत. ते ऱ्हानारच. फुडं काय? तुमी यवतमाळला जानार, मी दूध आनाया जानार.” दारात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच.

शेवटच्या दिवशी मी आणि गौरी पेढे घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. खोलीला कुलूप. विभागातले जुने शिपाई शिंदेमामा म्हणाले, “मॅडमची रजा आहे. इंटर्नचा शेवटचा दिवस असला की रजाच असते त्यांची. आजवर कधी चुकली नाही.”

“म्हणजे आपली किंमत कळली,” गौरी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. पेढ्यांचा पुडा शिंदेमामांच्या हातात देऊन ती घरी गेली.

मलाही तसं जाता आलं असतं, पण माझ्या प्रमाणपत्रावर मॅडमची सही राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. मी पत्ता विचारत सहकारनगरला त्यांच्या घरी गेलो. जुनी सोसायटी, दुसरा मजला. दार मॅडमनीच उघडलं. अंगात गाऊन, केस मोकळे. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

“वानखेडे, मी रजेवर आहे.”

“सही हवी होती.”

त्यांनी दारातच सही केली. कागद मला दिला. मी जिन्याकडे वळणार तेवढ्यात म्हणाल्या, “जेवलात का? पोहे करते. बसा.”

घर नीटनेटकं होतं आणि फार शांत. पोहे खाताना मी ऐकून होतो ते तसंच सांगितलं, की शेवटच्या दिवशी त्या नेहमी रजा घेतात. काय होतं म्हणून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. मग उठून गॅसपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलायला लागल्या.

“मी पूर्वी बँकेत होते. कॅशियर. हा अभ्यास सगळा चाळिशीनंतरचा. आमच्या मिस्टरांनी एकदा त्यांचा टेपरेकॉर्डर भाच्याला देऊन टाकला. गरम कोट वॉचमनला दिला. बरेच महिने कुढत होते, ते एकदम हसून बोलायला लागले. मी बहिणीला फोन करून सांगितलं, ह्यांचा स्वभाव किती मोकळा झालाय बघ.” त्यांनी गॅस बंद केला. “त्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. ‘येतो’ म्हणाले. मी आतूनच ‘बरं’ म्हटलं. त्यांनी दार ओढून घेतलं.”

मी काही बोललो नाही. एवढं त्यांनीच मला शिकवलं होतं.

चहा घेऊन त्या समोर येऊन बसल्या. थोड्या वेळाने मी म्हणालो, “मॅडम, निरोपाची बैठक करायची का आपण?”

“आपण? सुपरव्हायजरची?” त्या हसल्या. मग पदर नव्हता तरी सवयीने खांद्यावरून हात फिरवला आणि ताठ बसल्या. “विचारा.”

“काय बरं झालं?”

“सोपानराव भांडतायत, ते.”

“काय राहून गेलं?”

त्या कपाकडे बघत राहिल्या. “ते आत्ता तुम्हाला सांगितलं.”

“पुढे काय?”

“पुढच्या सोमवारी नवीन चार जण येतायत,” त्या म्हणाल्या. “त्यांना बाकावर बसवायचं. वर्षभर शिकवायचं. मग तेही जाणार.” त्यांनी माझा कप उचलून आपल्या कपात ठेवला. “आता तुम्ही उठायचं, आणि मी दारापर्यंत यायचं. पेशंटच्या बाबतीत जमतं हो मला. बाकी कुणाच्या बाबतीत नाही.”

“बसून राहा तुम्ही. मी दार ओढून घेतो.”

“नको,” त्या लगेच म्हणाल्या. “ओढून नका घेऊ.”

मी उठून बूट घातले. त्या टेबलापाशी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. मी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं आणि म्हणालो, “येतो, मॅडम.”

“‘जातो’ म्हणा.”

मला पटकन कळलं नाही. आमच्याकडे घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही. चुकून तोंडातून निघालं तर आई अजून परत आत बोलावते आणि येतो म्हणायला लावते. मॅडम खुर्ची धरून थांबल्या होत्या.

“जातो, मॅडम,” मी म्हणालो.

“हं. जा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची सोडली आणि भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आल्या. दार धरून उभ्या राहिल्या. मी जिना उतरायला लागलो. खाली मॅडमच्या स्कूटीपाशी पोचलो, तेव्हा कुठे वर दार लागल्याचा आवाज आला.